‘टेलिग्राफ’ म्हणजे नुसती तार नव्हे

एखाद्या शेतातून उच्चदाबाची टॉवर लाईन जाणार असली, की शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या कागदांत आणि मोबदल्याच्या वादात एका जुन्या कायद्याचे नाव हमखास येते: भारतीय टेलिग्राफ अधिनियम, १८८५. विजेच्या मनोऱ्यांचा आणि टेलिग्राफचा संबंध काय, असे त्याला वाटणे अगदी स्वाभाविक आहे. संबंध असा की, २००३च्या विद्युत अधिनियमातील कलम १६४ अन्वये सरकार वीज वाहून नेणाऱ्या कंपनीला टेलिग्राफ प्राधिकरणाचे अधिकार देऊ शकते. आणि जमीन संपादित न करता तिच्यावर खांब रोवण्याचा, तिच्यावरून तारा ओढण्याचा अधिकार टेलिग्राफ प्राधिकरणाला १८८५ पासूनच होता. नुकसान कमीत कमी करावे, झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई द्यावी आणि भरपाईच्या रकमेवरून वाद झाला तर तो जिल्हा न्यायाधीशांपुढे न्यावा, हेही त्याच कायद्याने सांगितले होते. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तरीही त्यानंतर कित्येक वर्षे शेताच्या बांधावरचे भांडण टेलिग्राफच्या कायद्याने सुटत किंवा चिघळत राहिले.

मी इंग्रजीतून मराठीत भाषांतराचे काम करते. या कामात ‘टेलिग्राफ’ हा शब्द आला की हात आपोआप ‘तार’ किंवा ‘तारायंत्र’ या शब्दाकडे जातो, कारण शाळेपासून आपण तसेच शिकलो आहोत. मात्र इंग्रजीत या शब्दाचे जितके उपयोग मी पाहत गेले, तितकी माझी खात्री पटत गेली की ‘तार’ हा त्याच्या अनेक अर्थांपैकी केवळ एक अर्थ आहे, आणि तोही कालक्रमाने पहिला नाही.

हा शब्द जन्मला तेव्हा त्यात तारेचा एक तुकडाही नव्हता. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या काळात क्लोद शाप याने दुरून संदेश पाठवण्याचे एक यंत्र तयार केले. उंच जागी एक खांब, त्याच्यावर फिरणारी एक आडवी तुळई आणि तुळईच्या दोन टोकांना दोन लहान हात अशी त्याची रचना होती. तुळई आणि हात ठरावीक कोनांत वळवले की एक खूण तयार होई. काही मैलांवरच्या पुढच्या ठाण्यातील माणूस दुर्बिणीतून ती पाही, आपल्या यंत्रावर तशीच खूण करी, आणि अशा रीतीने खूण ठाण्यामागून ठाणे पुढे सरके. शापला या यंत्राचे नाव ‘ताशिग्राफ’, म्हणजे शीघ्र लिहिणारे, असे ठेवायचे होते. १७९३ मध्ये मियो द मेलितो या अधिकाऱ्याने त्याऐवजी ग्रीक ‘टेले’ म्हणजे दूर आणि ‘ग्राफेइन’ म्हणजे लिहिणे यांवरून ‘तेलेग्राफ’ हे नाव सुचवले. पुढच्याच वर्षी पॅरिस ते लील हा मार्ग सुरू झाला आणि ऑस्ट्रियाच्या ताब्यातून कोंदे शहर परत जिंकल्याची वार्ता याच मार्गाने राजधानीला कळली. आपल्याकडेही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम किल्ल्यापासून उत्तर प्रदेशातील चुनारकडे जाणाऱ्या मार्गावर अशा खुणांसाठी विटांचे मनोरे बांधले गेले होते, आणि बंगालमध्ये त्यांतले काही अजून उभे आहेत.

इंग्रजीतील काही उपयोग हा पहिला अर्थ मनात ठेवल्याशिवाय उलगडतच नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोतील टेलिग्राफ हिल या टेकडीला ते नाव मिळाले ते बंदरात येणाऱ्या जहाजाचा प्रकार शहराला कळवण्यासाठी तिथे उभारलेल्या हात हलवणाऱ्या यंत्रामुळे. लॉर्ड्सच्या क्रिकेट मैदानावर १८४६ मध्ये धावफलक आला तेव्हा त्यालाही ‘टेलिग्राफ’ म्हणत, कारण दूर बसलेल्या प्रेक्षकाला तो धावा कळवत असे. जहाजाच्या कप्तानाच्या चौथऱ्यावर पितळी तबकडी आणि मूठ असलेले जे यंत्र असते, ज्याची मूठ फिरवली की खाली इंजिनाच्या खोलीत घंटी वाजते आणि ‘पूर्ण वेगाने पुढे’ किंवा ‘थांबा’ असा हुकूम दिसतो, त्याचेही नाव टेलिग्राफच. रत्नागिरीकडून मुंबईच्या गोदीत येऊन बोटीवर लागलेल्या कित्येक खलाशांचे कामाचे तास या टेलिग्राफच्या घंटीवर चालले असतील. त्यांच्या दृष्टीने हा शब्द पोस्टातल्या तारेहून अगदी वेगळा होता.

या सर्वांत मला सर्वाधिक आवडणारा उपयोग वनस्पतिशास्त्रातला आहे. आपल्या देशात आढळणाऱ्या एका झुडपाच्या मोठ्या पानाशेजारी दोन छोट्या पर्णिका असतात आणि उबदार हवेत त्या डोळ्यांना दिसेल अशा गतीने वर-खाली फिरत राहतात. इंग्रजीत या झुडपाला ‘टेलिग्राफ प्लँट’ म्हणतात. जगदीशचंद्र बोस यांनी या पर्णिकांच्या लयबद्ध हालचालींचा अभ्यास केला आणि प्राण्यांच्या हृदयाच्या स्पंदनाशी त्यांची तुलना केली, हे अनेकांना माहीत असते. मात्र नावातील टेलिग्राफ कोणता, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तो शापच्या यंत्राचा हलणारा हात आहे. याचे भाषांतर ‘तारवनस्पती’ असे केले, तर वाचक पानांत तारा शोधत बसेल.

विजेवर चालणारा टेलिग्राफ पुढे आला. इंग्लंडमध्ये कुक आणि व्हीटस्टन यांनी १८३७ मध्ये पेटंट घेतले, आणि मोर्सने २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला आपला प्रसिद्ध संदेश पाठवला. तेव्हा इंग्रजीत ‘इलेक्ट्रिक टेलिग्राफ’ असे विशेषण लावूनच बोलावे लागे, कारण नुसत्या टेलिग्राफचा अर्थ हात हलवणारे यंत्र असा होता. काही वर्षांत जुने यंत्र मागे पडले, विशेषण गळले आणि शब्द नव्या यंत्राचा झाला. भारतात १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही पहिली वाहिनी सुरू झाली, १८५५ पासून सामान्य लोकांना पैसे भरून संदेश पाठवता येऊ लागला, आणि आपल्या लोकांनी समोर जे दिसले त्यावरून नाव ठेवले. खांबांवरून गेलेली तार दिसत होती, म्हणून यंत्रही तार, संदेशही तार आणि ज्या कचेरीत तो द्यायचा ते तारघर.

नाव ठेवण्याच्या या दोन पद्धतींतून पुढे दोन्ही भाषांच्या वाटा वेगळ्या झाल्या. इंग्रजी शब्द कृतीवरून घडला आहे: दुरून लिहिणे. माध्यम बदलले तरी कृती तीच राहते, म्हणून तो शब्द प्रत्येक नव्या साधनाला लागू पडत गेला. आपला शब्द वस्तूवरून घडला, आणि ती वस्तू नाहीशी झाली की अडचण होते. मार्कोनीच्या शोधानंतर इंग्रजीत ‘वायरलेस टेलिग्राफी’ म्हणताना कसलाही विरोधाभास होत नाही. मराठीत ‘बिनतारी तार’ म्हणता येत नाही. म्हणून आपण ‘बिनतारी संदेश’ असा उत्तम मार्ग काढला, जो महाराष्ट्र पोलिसांच्या बिनतारी संदेश विभागाच्या नावात आजही रोजच्या वापरात आहे. (जाता जाता सांगते: विधिमंडळातील ‘तारांकित प्रश्न’ या तारेचा नव्हे. तो प्रश्नाशेजारी छापलेल्या ताऱ्याच्या चिन्हाचा.)

यंत्र आणि संदेश यांना वेगळी नावे हवीत, ही गरज इंग्रजीला लवकर जाणवली. ‘टेलिग्राफिक डिस्पॅच’ असे लांबलचक म्हणण्याऐवजी ‘टेलिग्राम’ म्हणावे, अशी सूचना १८५२ मध्ये अमेरिकेतील ऑल्बनी येथील एका वृत्तपत्रात छापून आली. ग्रीक जाणणाऱ्या पंडितांना हा शब्द सदोष वाटला. व्याकरणाने ‘टेलिग्राफीम’ व्हायला हवे, असा त्यांचा आग्रह होता आणि १८५७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये त्यावर वाद झडला. लोकांनी पंडितांचे ऐकले नाही, आणि माझ्या मते योग्यच केले. तेव्हापासून इंग्रजीत यंत्र किंवा व्यवस्था म्हणजे टेलिग्राफ, पाठवलेला मजकूर म्हणजे टेलिग्राम, ती विद्या म्हणजे टेलिग्राफी आणि यंत्र चालवणारा तो टेलिग्राफिस्ट, असा नीट भेद आहे. आपल्याकडील इंग्रजी लेखनात कधीकधी ‘त्याने मला टेलिग्राफ पाठवला’ अशी रचना दिसते. तिथे टेलिग्रामच हवे. टेलिग्राफ हे क्रियापद म्हणून मात्र बिनचूक चालते: ‘त्याने बातमी टेलिग्राफ केली.’ समुद्रतळावरील जाड दोरखंडासारख्या वाहिनीतून गेलेला संदेश तो ‘केबल’, आणि राजदूतांच्या गोपनीय अहवालांना अजूनही केबलच म्हणतात, मग तो अहवाल उपग्रहावरून गेलेला असो.

‘टेलिग्राम’मधील शेवटच्या अक्षरांनाही स्वतंत्र आयुष्य लाभले. २०१० मध्ये आलेल्या इन्स्टाग्रामच्या नावात झटपट छायाचित्र देणारा कॅमेरा आणि टेलिग्राम यांची जोड आहे. भारतातील तारसेवा १४ जुलै २०१३ रोजी शेवटचे संदेश घेऊन थांबली आणि बरोबर एका महिन्याने, ऑगस्ट २०१३ मध्ये, टेलिग्राम हे ॲप आले. आज स्पर्धा परीक्षांची तयारी करणारा पुण्यातील विद्यार्थी ‘टेलिग्रामवर नोट्स टाक’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात दाराशी येऊन थांबलेला तारवाला येत नाही. त्याच्या आजीला मात्र ‘टेलिग्राम’ ऐकताच छातीत धस्स होत असे, कारण बहुतेक घरांत तार येई ती कोणी गंभीर आजारी असल्याची किंवा गेल्याची. शुभेच्छांच्या ठरावीक वाक्यांना क्रमांक देऊन स्वस्तात पाठवण्याची सोय होती, बढतीच्या आणि नेमणुकीच्याही तारा येत. तरी त्या शब्दाला चिकटलेली भीती शेवटपर्यंत गेली नाही.

कायद्यात या शब्दाने जितके काम केले तितके क्वचितच एखाद्या यंत्राच्या नावाने केले असेल. १८८५च्या अधिनियमातील टेलिग्राफची व्याख्या १९६१ मध्ये दुरुस्त झाली आणि तिच्यात चिन्हे, खुणा, लेखन, प्रतिमा, ध्वनी किंवा कोणत्याही प्रकारची माहिती तारेने, दृश्य साधनांनी, रेडिओलहरींनी किंवा विजेच्या व चुंबकाच्या साहाय्याने पाठवण्यास अगर घेण्यास उपयोगी पडणारे प्रत्येक उपकरण आले. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने दूरध्वनी हा टेलिग्राफ, रेडिओ हा टेलिग्राफ आणि दूरचित्रवाणीही टेलिग्राफ. जुन्या पिढीतील अनेकांच्या घरी रेडिओच्या परवान्याचे ते छोटे पुस्तक अजून असेल, ज्यावर पोस्टात दरवर्षी शुल्क भरून तिकिटे लावून घ्यावी लागत. तो परवाना याच कायद्यावर उभा होता.

याच व्याख्येमुळे क्रिकेट सामन्याचे थेट प्रक्षेपण टेलिग्राफच्या प्रश्नात सापडले. १९९३ मधील हीरो चषकाच्या प्रक्षेपणावरून बंगाल क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार यांच्यात वाद झाला. टेलिग्राफ स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा एकाधिकार कलम ४ अन्वये आपल्याकडे आहे, अशी सरकारची भूमिका होती. सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी दिलेल्या निकालात, ज्यात न्या. पी. बी. सावंत यांचे निकालपत्र आहे, प्रक्षेपणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून त्यांच्यावर सरकारची किंवा कोणा खासगी संस्थेची मक्तेदारी असू शकत नाही, असे स्पष्ट केले. पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, दूरध्वनी चोरून ऐकण्यावर न्यायालयाने जे निर्बंध घातले तेही याच कायद्यातील कलम ५ च्या अर्थावरून. शापच्या लाकडी हातांसाठी निघालेला शब्द नागरिकाच्या खासगी बोलण्याच्या संरक्षणापर्यंत येऊन पोहोचला, आणि मधल्या काळात त्याचा मूळ अर्थ ताणावा लागला नाही. म्हणूनच अशा निकालांचे मराठीकरण करताना ‘तार अधिनियम’ असे लिहिणे मला खटकते. त्याने वाचकाची समजूत होते की हा पोस्टातल्या तारेपुरता कायदा आहे. ‘टेलिग्राफ अधिनियम’ हेच ठेवावे. २०२३ मध्ये नवा दूरसंचार अधिनियम संमत झाला आणि पुढच्या वर्षापासून त्याची कलमे टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागली. १८८५चा कायदा त्याने मागे सारला असला तरी जुने निकाल, जुने करार आणि जुने दावे वाचणाऱ्याला हा शब्द अजून बराच काळ भेटत राहणार आहे.

बँकेतही तो भेटतो, फक्त आद्याक्षरांत लपून. परदेशातून पैसे आले किंवा परदेशी पाठवले की स्लिपवर ‘टीटी बाइंग’ किंवा ‘टीटी सेलिंग’ असा दर दिसतो. हा टीटी म्हणजे टेलिग्राफिक ट्रान्स्फर. कागदी हुंडी डाकेने येण्याची वाट न पाहता एका बँकेने दुसरीला तारेने कळवून रक्कम वळती करणे, असा त्याचा मूळ अर्थ होता. परदेशी उत्पन्नाचे रुपयांत रूपांतर करण्यासाठी आयकर नियमांनीही स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर वापरला आहे, त्यामुळे परदेशातील उत्पन्न भारतातील विवरणपत्रात दाखवणाऱ्या मराठी माणसाचा या शब्दाशी संबंध आलेला असतो. चलनबाजारातील व्यापारी पौंड आणि डॉलर यांच्या विनिमय दराला ‘केबल’ म्हणतात, तेही अटलांटिकच्या तळाशी टाकलेल्या वाहिनीची आठवण म्हणूनच.

तारेचे पैसे शब्दांच्या संख्येवर आकारले जात, त्यातून ‘टेलिग्राफिक’ या विशेषणाला ‘अतिसंक्षिप्त’ हा अर्थ आला. मूल दीड-दोन वर्षांचे असताना जे तुटक बोलते, ज्यात महत्त्वाचे शब्द असतात पण प्रत्यय आणि सहायक शब्द गळलेले असतात, त्याला मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राउन आणि त्यांचे सहकारी कॉलिन फ्रेझर यांनी १९६३ मध्ये ‘टेलिग्राफिक’ म्हटले. इंग्रजीला ही उपमा नेमकी लागू पडते. मराठीत ती तितकी चपखल बसत नाही, कारण आपले विभक्तिप्रत्यय शब्दालाच चिकटलेले असतात, ते वेगळे काढून पैसे वाचवता येत नाहीत, आणि लहान मूलही ‘आईला’, ‘घरी’ असे प्रत्ययासह लवकर बोलू लागते. म्हणून बालभाषेवरील मराठी पुस्तकात ‘तारेची भाषा’ असे लिहून थांबू नये. प्रत्यय कुठे गळतात आणि कुठे टिकतात, ते मराठी मुलांच्या उदाहरणांनीच दाखवावे.

अफवेसाठीही हा शब्द वापरला जातो. ऑस्ट्रेलियात रानात लपून लूटमार करणाऱ्या टोळ्यांना पोलिसांच्या हालचाली कळवणारे जे खबरे होते, त्यांना एकोणिसाव्या शतकात ‘बुश टेलिग्राफ’ म्हणू लागले; आज तोंडोतोंडी पसरणाऱ्या बातमीला ते नाव आहे. आपल्याकडे ‘कर्णोपकर्णी’ आणि ‘कुणकुण’ हे दोन शब्द यासाठी पुरेसे आहेत.

भाषांतरात सर्वाधिक फसवणारा अर्थ मात्र क्रियापदाचा आहे, आणि मराठी शब्दकोशांत तो ठळकपणे असावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. मुष्टियुद्धात एखाद्या खेळाडूने ठोसा मारण्यापूर्वी खांदा किंचित मागे घेतला, मूठ आवळली किंवा नजर नेमकी तिथेच रोखली, तर तो ठोसा ‘टेलिग्राफ’ करतो असे म्हणतात. ठोसा पोहोचण्याच्या आधी त्याची वार्ता पोहोचते. तिथून हा उपयोग सर्व खेळांत आणि खेळाबाहेर पसरला. गोलंदाजाने संथ चेंडूसाठी पकड बदललेली फलंदाजाला दिसली, बास्केटबॉलमध्ये पास द्यायच्या दिशेला खेळाडूने आधीच पाहिले, वाटाघाटीत एका पक्षाने आपली घाई लपवली नाही, कथेत शेवटच्या पानावरची कलाटणी तिसऱ्या पानावरच कळली, या सर्वांना इंग्रजी समीक्षक एकच क्रियापद लावतो.

इथे मराठीत एक वेगळीच गोष्ट लक्षात येते. कुस्तीच्या आखाड्यात आपण ‘त्याने समोरच्याचा डाव ओळखला’ असे म्हणतो. प्रसंग तोच असतो, पण आपल्या वाक्याचा कर्ता पाहणारा असतो आणि श्रेय त्याच्या नजरेला जाते. इंग्रजी वाक्यात कर्ता डाव टाकणारा असतो आणि दोष त्याच्या देहबोलीवर येतो. म्हणून प्रत्येक ठिकाणी ‘ओळखला’ लिहून भागत नाही. लेखकाला कोणाकडे बोट दाखवायचे आहे ते आधी पाहावे लागते. मल्लाच्या पवित्र्यातूनच डाव फुटला असेल तर ‘डाव टाकण्याआधीच उघडा केला’ असे म्हणावे. वाटाघाटी करणाऱ्याबद्दल ‘त्याने मनातले आधीच दिसू दिले’ हे पुरते. कथेबद्दल ‘शेवटाची चाहूल फार लवकर लागते’ हे समीक्षेत रुळलेले वाक्य आहे आणि तिथे तेच योग्य, फक्त लेखकाने ती चाहूल मुद्दाम दिली असेल तर ‘लागते’ऐवजी ‘देतो’ लिहावे, कारण इंग्रजी क्रियापदात बहुधा अनवधानाचा अर्थ असला तरी हेतुपुरस्सर इशारा देण्यासाठीही ते वापरतात. मध्यवर्ती बँक व्याजदर वाढवण्याचा आपला इरादा काही आठवडे आधी बाजाराला ‘टेलिग्राफ’ करते तेव्हा तो ढिलेपणा नसतो, धोरण असते; अशा बातमीत ‘व्याजदरवाढीचे संकेत बँकेने आधीच दिले होते’ हे सरळ मराठी वाक्य मूळ अर्थाला पूर्ण न्याय देते.